काट्यावर त्र्याण्णव

बावनकशींनी आयुष्यात पहिल्यांदा एक नवी कोरी वस्तू विकत घेतली, आणि तीही हवेत उडणारी.

तोवर त्यांच्या घरात कारखान्यातून सरळ असं काही आलंच नव्हतं. पुढे भंगाराचं आवार, मागे घर, आणि मध्ये एक दार. ते दार एका पाडलेल्या इस्पितळाचं होतं आणि त्यावर अजून 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं. बैठकीत बंद पडलेल्या थिएटरातल्या चार खुर्च्या होत्या, एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या. त्यामुळे पाहुणे आले की सगळे एकाच दिशेला तोंड करून बसत, समोरच्या भिंतीवर आता काहीतरी सुरू होणार असल्यासारखे. घड्याळ पोस्टातलं. जेवायचं टेबल शाळेच्या प्रयोगशाळेतलं, मधोमध नळ असलेलं, पण त्या नळाला पाणी नव्हतं. ज्या माणसाने साधी उशी कधी दुकानातून आणली नाही, त्याने साठी उलटल्यावर उडती मोटारसायकल घ्यावी, याचा त्यांच्या बायकोला धक्का बसला. त्यातही यंत्रापेक्षा त्यावरच्या प्लास्टिकच्या वेष्टणाचा जास्त. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या हातात न फाटलेलं वेष्टण ती पहिल्यांदाच बघत होती.

बावनकशी हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हतं. आवारात रद्दी आणि पत्रा घालायला येणाऱ्यांनी ते ठेवलं होतं. फाटकातून आत आलं की जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा होता, खाटेएवढ्या लोखंडी पत्र्याचा, बाजूला खांबावर गोल तबकडी आणि तिच्यात सुई. दिवसातून किमान चारदा शेठ त्या खांबावर हात ठेवून म्हणत, "जगात सगळं खोटं असेल, पण माझा काटा बावनकशी." दर वर्षी सरकारी तपासनीस येऊन काट्यावर शिक्का मारून जाई. त्याची प्रमाणपत्रं शेठनी ओळीने चौकटीत लावली होती. एकोणीस चौकटी. लोकांच्या घरी मुलांचे फोटो असतात तिथे.

शेठच्या बायकोला सगळं आवार वहिनी म्हणे, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे लोकसुद्धा. तबकडीसमोर उभं राहून आकडा वाचायचं काम वहिनींचं. तीस वर्षं त्या सुईकडे बघत होत्या. त्यामुळे कुणीही समोर आलं की त्याचं वजन त्यांच्या डोळ्यांना आधी दिसे आणि चेहरा नंतर.

तर ही मोटारसायकल. एक सीट, दोन मुठी, पायाखाली आठ पंखे. सुरू केली की पन्नास मिक्सर एकदम लावल्यासारखा आवाज. एका चार्जिंगवर दहा मिनिटं हवेत. पुलावरून पलीकडच्या काठाला जायला पाऊण तास लागे, वर सिग्नल सात. ही चार मिनिटांत नेईल असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मात्र नदीच्या वरूनच उडवायची, वस्तीवरून नाही, आणि पंधरा मीटरच्या वर न्यायची नाही. पडलीच तर सीटमागून एक छत्री उघडणार होती. ती छत्री तीस मीटरच्या वर असाल तरच उघडते, हे माहितीपत्रकात अठ्ठाविसाव्या पानावर होतं. वहिनी अठ्ठाविसाव्या पानापर्यंत गेल्या होत्या. शेठ चित्रं बघून थांबले होते.

गल्लीने आपापल्या परीने तयारी केली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी विचारलं की येणार असाल त्या दिवशी सांगा, चादरी आत घेते. कोपऱ्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फार आपुलकीने चौकशी केली. टायरवाला तर अगदी खचला; चाकंच नाहीत म्हणाला, हे कसलं वाहन.

आता अडचण अशी होती की गाडीवर बसणाऱ्याचं वजन पंचाण्णव किलोच्या आत हवं. शेठ वर्षापूर्वी स्वतःच्या काट्यावर उभे राहिले तेव्हा एकशे चार भरले होते. त्यांनी त्याच दिवशी साखर सोडली, तळलेलं सोडलं, आणि रोज सकाळी सात वाजता बनियनवर काट्यावर चढायला लागले. काकड्या खाल्ल्या. उकडलेला दुधी न बोलता खाल्ला. रद्दी घालायला येणारी मावशी रोज विचारायची, "किती उतरलं आज, शेठ?" आणि शेठ परीक्षेचा निकाल सांगावा तसे सांगायचे. वर्षभराने सुई त्र्याण्णववर आली. त्या सकाळी त्यांनी सगळ्या आवाराला चहा पाजला, स्वतः बिनसाखरेचा घेतला, आणि दुपारी जाऊन गाडी नोंदवून आले.

वहिनींनी त्यांना अडवलं नाही. त्यांचा एक हिशेब होता. काटा त्र्याण्णव म्हणत असला तरी शेठ त्र्याण्णवचे नव्हते, एकशे तीनचे होते. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, वहिनींना आणि काटे दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाला. वहिनींना वाटलं, कंपनी काय आपल्या शब्दावर थोडीच गाडी देणार आहे. वजन करेल, नाही म्हणेल, विषय मिटेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

हा काट्याचा प्रकार एकोणीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा आवार बुडायला आलं होतं, कारण शेठचा हात सैल. कुणाचं सव्वातीन किलो भरलं की ते साडेतीन म्हणायचे, साडेतीन भरलं की चार. "गरीब माणूस आहे," हे एक कारण. माणूस गरीब नसला की "लांबून आलाय" हे दुसरं. वहिनींनी समजावलं, रुसून पाहिलं, शेवटी भावाला बोलावलं. त्याने झाकण उघडून एक स्क्रू फिरवला आणि काटा दहा किलोला नऊ दाखवू लागला. सहा महिन्यांपुरतंच करायचं ठरलं होतं. पण काटा बिघडवणं सोपं, सुधारणं अवघड. एका सकाळी सुई अचानक खरं बोलू लागली, तर लोक कालच्या सुईबद्दल विचारणार. सहा महिन्यांची एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी तपासनीस यायच्या आदल्या दिवशी भाऊ 'तेलपाणी करायला' येई आणि दुसऱ्या दिवशी 'सगळं नीट आहे ना बघायला'. शेठ दोन्ही वेळा त्याला प्रेमाने जेवायला थांबवून घेत आणि पाहुण्यांना सांगत, "मेहुणा असावा तर असा."

सोमवारी कंपनीच्या ट्रकमधून गाडी आली आणि सोबत शिकवणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. आधी अठरा वर्षं बसच्या ड्रायव्हरांना शिकवायच्या. त्यामुळे माणूस कुठल्या चुका करणार हे त्यांना त्याच्या चालण्यावरूनच कळे. गाडी फाटकातून आत आली तशी शेठनी सवयीने म्हटलं, "आधी काट्यावर घ्या." वहिनी झटकन मध्ये पडल्या. नवी वस्तू आहे, भंगार आहे का ते, असं काय करता. शेठना ते पटलं. गाडी काट्याच्या बाजूने आत नेली.

शेठ हेल्मेट घालून सीटवर बसले. गाडीने दोनदा टूं टूं केलं आणि छोट्या पडद्यावर लाल अक्षरं आली: भार जास्त. शेठ उतरले, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या, परत बसले. भार जास्त. बूट काढले. भार जास्त. आवारात तोवर सात-आठ जण जमले होते, आणि प्रत्येकाला शेठनी आणखी काय काढावं याबद्दल मत होतं.

बाईंनी शांतपणे ट्रकमधून एक लहान काटा आणून जमिनीवर ठेवला. तो एकशे तीन म्हणाला.

शेठ हसले. ते सीटकडे बघून हसले, मग त्या लहान काट्याकडे बघून हसले, आणि म्हणाले की दोघेही एकाच कारखान्यातले, एकमेकांची साक्ष देणारच. हे न्हाणीघरातलं खेळणं कुणीकडे आणि सरकारी शिक्क्याचा काटा कुणीकडे. मग सगळ्यांदेखत आपल्या काट्यावर उभे राहिले. त्र्याण्णव. बाईंना हाताला धरून एकोणीस चौकटींसमोर नेलं.

वहिनींना वाटलं होतं तसं अर्धंच झालं. बाई चौकटी बघून विचारात पडल्या. कंपनीच्या नियमात तशी सोय होती, म्हणाल्या. ग्राहकाजवळ सरकारी शिक्क्याचा काटा असेल, तर सीटचं माप त्या काट्याशी जुळवून देता येतं, ग्राहकाने तसं लिहून दिलं तर. त्या शनिवारी यंत्र घेऊन येतील, सीट जुळवतील, आणि रविवारी सकाळी शेठ नदीपार.

त्या दुपारी वहिनी भावाच्या दुकानात जाऊन बसल्या. भावाने आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाला की घाबरायचं काय, येतो आणि स्क्रू सरळ करून टाकतो. शनिवारी काटा आपोआप एकशे तीन दाखवेल, भाऊजींना वाटेल आठवडाभरात दुधी उलटला. वहिनींना ते बरं वाटलं. दहा किलो चार दिवसांत कुणाचे वाढत नाहीत हे दोघांनाही माहीत होतं, पण दोघांनी त्याचा उल्लेख टाळला.

गुरुवारी दुपारी शेठ थिएटरच्या खुर्चीत घोरत असताना भाऊ पेचकस घेऊन आला. खांबामागे काट्याच्या झाकणापाशी वाकला आणि तसाच थांबला. झाकणाच्या चारही बाजूंनी कागदाची पट्टी चिकटवलेली होती, दर वितीवर लाखेचा ठिपका, आणि पट्टीवर शेठची सही, तारखेसह, सहा वेळा. उद्या कुणी म्हणायला नको की गाडीसाठी मी काट्याला हात लावला, म्हणून त्यांनी सोमवारीच आपला काटा मोहोरबंद करून टाकला होता.

भावाने त्या सह्या एकेक करून वाचल्या.

"ताई," तो हळूच म्हणाला, "लबाड माणसानं लावलेलं कुलूप असतं ना, तर मी दोन मिनिटांत उघडलं असतं. हे माझ्याच्यानं नाही उघडवत."

पेचकस खिशात घालून तो जेवायलाही न थांबता गेला.

शुक्रवारी वहिनींनी सरळ नवऱ्यालाच गाठलं. गाडी परत देऊ म्हणाल्या. गुडघे दुखतात तुमचे, चष्मा लागलाय, पंधरा मीटरवर ती छत्री उघडत नाही. शेठ काकडीची फोड हातात धरून ऐकत होते. पंधरा मीटरवर उघडत नाही तर मग बसवली कशाला, असं त्यांनी विचारलं, आणि याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. मग ते एकदम म्हणाले, "अगं, चाळीस वर्षं मी टाकून दिलेल्या वस्तू बघतोय. पण त्या जवळून, एकेक. हातात घेऊन, उलटीपालटी करून. पलीकडच्या काठाला ती जुनी गिरणी आहे ना, तिच्या छपरावर काय काय पडलंय ते कधी कुणी बघितलंय? पाण्याच्या टाक्या असतील, पंखे असतील, अख्खं छप्पर पत्र्याचं. मला एकदा सगळं भंगार वरून बघायचंय. एका नजरेत."

"बघून काय करणार?"

"काही नाही. बघणार."

वहिनींना वाटलं होतं ते गिरणीचा सौदा करायला निघालेत. सौद्यासाठी जाणाऱ्या माणसाला थांबवता येतं, त्याला दुसरा सौदा दाखवता येतो. नुसतं बघायला निघालेल्या माणसाला काय दाखवणार? त्या उठून भांडी आवरू लागल्या आणि पाणी नसलेला नळ त्यांनी दोनदा पुसला.

शनिवारी बाई आल्या. आवारात गर्दी नेहमीची, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. रद्दीवाली मावशी आपले गठ्ठे घेऊन सकाळपासून बसली होती. आज तिला घाई नव्हती. शेठनी मोहोर सगळ्यांना दाखवली, सह्या मोजून दाखवल्या, आणि काट्यावर चढले. सुई त्र्याण्णववर स्थिर झाली. बाईंनी आकडा लिहून घेतला आणि कागद सहीसाठी पुढे केला. मग सीटखालची वायर काढून आपल्या यंत्राला जोडायला त्या खाली बसल्या.

वहिनींनी विचारलं की सीटला हे वजन कळून ती करते काय. बाई वायर सोडवता सोडवता सांगत गेल्या. गाडी सारखा हिशेब करत असते, अंगावर भार किती, बॅटरी किती उरली, पलीकडे जाऊन परत यायला पुरेल की नाही. पुरणार नसेल तर निम्म्यातूनच मागे फिरा म्हणते. माणूस ऐकत नाही, पण गाडी ऐकते.

"आणि समजा, लिहिलंय त्याच्यापेक्षा माणूस दहा किलोनं जास्त असला तर?"

"तर उडेल की. छान उडेल." बाईंनी मान वर केली. "उडालीच नाही तर धोका कसला, वहिनी? उडेल, पलीकडे नेईल, परत फिरेल, आणि पडद्यावर शेवटपर्यंत सगळं हिरवं दाखवेल. तिला जे सांगितलंय त्यावरच ती चालणार. नदीच्या मध्यावर कधीतरी बॅटरी संपेल."

शेठनी पेन उघडलं होतं. कागद गाडीच्या सीटवर ठेवून ते सही करायला वाकले, आणि वाकताना त्यांनी बनियन खाली ओढला, फोटो काढायच्या आधी ओढतात तसा. वहिनींनी ते बघितलं.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "सही करू नका. काटा खोटा आहे."

शेठनी न बघताच चौकटींच्या दिशेने हात केला. एकोणीस शिक्के आहेत, अगं.

"शिक्क्याच्या दिवशी खरा असतो. बाकीचे दिवस दहाला नऊ दाखवतो. माझ्या भावानं केलंय, मी करायला लावलं. तुम्ही एकशे तीन आहात."

आवार इतकं गप्प झालं की इस्पितळाचं दार पहिल्यांदाच उपयोगी पडल्यासारखं वाटलं. शेठ वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; हिशेब चुकला की तो परत करून बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता. तू भितेस म्हणून असं बोलतेस, असं ते म्हणाले. मी उडू नये म्हणून माझ्या काट्यावर आळ घेतेस?

यावर शब्दांनी काही होणार नव्हतं. वहिनींनी बाईंना विचारलं, गाडीचं वजन किती. गाडीवरच पाटी होती: एकशे चाळीस. वहिनींनी एका मुठीला हात घातला, बाईंनी दुसऱ्या, आणि दोघींनी गाडी ढकलत काट्यावर आणली. तबकडीसमोर वहिनी उभ्या राहिल्या नाहीत. त्या बाजूला झाल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा शेठनी स्वतः आकडा वाचला.

"एकशे सव्वीस," ते म्हणाले. मग परत एकदा, हळू, "एकशे सव्वीस."

नंतर त्यांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि वहिनींच्या लक्षात आलं की त्यांना नदीची भीती नव्हती, गाडीची नव्हती. या चेहऱ्यांची होती. एकोणीस वर्षं ज्यांना त्यांनी दिवसातून चारदा खांबावर हात ठेवून सांगितलं होतं, ते चेहरे. शेठ हात जोडायला गेले.

रद्दीवाली मावशी गठ्ठ्यावरून उठली नाही.

"शेठ," ती म्हणाली, "मी हे गठ्ठे पहाटे पाणी मारून आणते, ते काय त्यांना फुलं यावीत म्हणून?"

शेठनी तिच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. खालून पाणी ठिबकत होतं. मागे उभ्या पत्रेवाल्याला उगाच खोकला आला. त्याच्या चेपलेल्या डब्यांत वाळू असते हे वहिनींना माहीत होतं. वहिनींना माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मावशी पुढे म्हणाली की पहिल्या वर्षीच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. काटा दहावा हिस्सा खातो, मग तेवढं पाणी मारायचं. शेठ वरून थोडं वाढवून देतात, मग पाणी जरा कमी मारायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त शेठना सांगायला नको, एवढंच सगळ्यांचं ठरलेलं होतं. ते काट्याबद्दल इतकं मनापासून बोलत.

म्हणजे एकोणीस वर्षं या आवारात वजन अगदी बरोबर चाललं होतं, आणि ते बरोबर ठेवायला सगळ्यांनी मिळून लबाडी केली होती, एका शेठला वगळून.

शेठनी कागद घडी करून बाईंना परत दिला, इस्पितळाचं दार ढकलून आत गेले आणि थिएटरच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंनी गाडीचं कुलूप लावलं, किल्ली वहिनींच्या हातात दिली. बसच्या ड्रायव्हरांना शिकवताना त्यांनी पुष्कळ नवरे-बायका पाहिल्या होत्या. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या की पंचाण्णव झाले की फोन करा, पंधरा दिवसांत की दोन वर्षांत, गाडी कुठे जात नाही.

रविवारी गच्चीवरच्या काकूंनी चादरी आत घेतल्या आणि संध्याकाळी परत बाहेर काढल्या.

सोमवारी शेठनी आपल्या हाताने मोहोर फोडली आणि मेहुण्याला बोलावून घेतलं. स्क्रू सरळ होईपर्यंत ते शेजारी उभे होते. मेहुण्याला जेवायला थांब म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत; त्यामुळे तो बिचारा तासभर पेचकस पुसत बसला. चौकटी भिंतीवरून उतरल्या. त्या दिवसापासून तबकडी शेठच वाचत, आणि सव्वातीनला सव्वातीनच म्हणत. वहिनींशी कामापुरतं बोलत: दार लाव, ट्रक आलाय, मीठ दे. मावशीचे गठ्ठे अजून ओलेच येत, सवय जाता जात नव्हती. शेठ ते उन्हात उलगडून ठेवायला लावत आणि वाळेपर्यंत तिला सावलीत बसवत. तिचा निम्मा दिवस जाई. ती वहिनींकडे बघून मान हलवायची.

वहिनींना हे अबोल्याचे दिवस जड गेले. नवरा नदीत पडला नाही, एवढं हाती लागलं होतं. बाकी काय उरलंय ते त्यांना मोजता येत नव्हतं, आणि न मोजता येणाऱ्या गोष्टींशी त्यांचा संबंध कमीच आलेला.

पाचव्या दिवशी सकाळी सातला शेठ बनियनवर काट्यावर चढले. वहिनींनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी तबकडी दोनदा वाचली. मग आत आले आणि प्रयोगशाळेच्या टेबलाशी बसले.

"या घरात आणखी काय काय खोटं आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनी विचार करू लागल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "ही किटली," त्या म्हणाल्या. "जुनी नाही. दुकानातून आणलेली आहे. आणायच्या आधी पायरीवर आपटून पोचे पाडले."

शेठनी किटली उचलली, फिरवून पोचे बघितले. चांगले पाडले होते.

"आणखी?"

"दोन उशा. आणि तुमचा रेनकोट. त्याचं एक बटण मीच तोडलं होतं."

शेठ बटणाच्या विचारात बुडाले. मग म्हणाले, "एकशे तीन. वर्षभर मी गवत खाल्लं आणि एकशे तीन."

वहिनींना पाच दिवस ज्या बोलण्याची वाट सापडत नव्हती, ती आता सापडली. त्या समोर येऊन बसल्या.

"अहो, पण नीट बघा ना. तुम्ही एकशे चारवरून त्र्याण्णववर आलात. अकरा किलो म्हणत होतात. पण तो काटा वजन कमी दाखवायचा, तसं उतरलेलं वजनही कमीच दाखवायचा. तुम्ही होतात एकशे साडेपंधरा. आहात एकशे तीन. अकरा नाही, बारा किलोच्या वर उतरलंय तुमचं. एक किलो तुम्हाला कुणी सांगितलाच नव्हता."

शेठनी बोटांवर हिशेब केला. एकदा केला, मग दुसऱ्या हातावर केला. दोन्हीकडे बाराच आले. त्यांची मान जराशी ताठ झाली. वहिनींनी तिकडे बघायचं टाळलं.

"अजून आठ," ते म्हणाले.

"आठ."

शेठनी काकडीची ताटली आपल्यापुढे ओढली आणि एक फोड उचलली.

"जुन्या काट्यावर," ते म्हणाले, "सातातच भागलं असतं."